२९ एमबीचं भजन २ जीबीचं झालं तेव्हा

अमरावती जिल्ह्यातला तिवसा तालुका म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा मुलूख. त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम जवळच, त्यामुळे आमच्याकडे दर दोन-तीन गावांमागे एक खंजिरी भजन मंडळ, आणि मंडळातल्या कुणाच्या तरी घरी लोखंडी पेटीत जुन्या कॅसेटींचा गठ्ठा. माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न, भागवत सप्ताह, गणपती, निवडणुकीत भोंगा लावलेली गाडी, सगळं करतो. पावसाळ्यात काम बसलं की दुकानात कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. पैसा लग्नात आहे, पण गोडी मला याच कामाची.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावचे एक काकाजी आले. मंडळात पेटी वाजवतात, वय सत्तरीच्या पुढं. जय गुरु झालं, चहा झाला, मग धोतराच्या कनवटीतून पेन ड्राइव्ह काढला.

"बाबू, हे पाह्य बरं. पोरानं शहरातून नवीन करून आणलं आमचं जुनं भजन. चोवीस बिट हाय म्हणते. दोन हजार घेतले त्यानं. पण मंदिरातल्या मशीनवर तं वाजूनच नाही राह्यलं."

वाजणार कसं? आत एकच फाइल, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ (म्हणजे दर सेकंदाला आवाजाच्या लहरीचे १ लाख ९२ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा आकडा), जवळपास २ जीबीची. मंदिरातल्या ॲम्प्लिफायरच्या यूएसबीला एमपी थ्री सोडून दुसरं काही कळत नाही. मी काकाजींना विचारलं, मूळ कॅसेट दिली होती का त्याला? तर नाही. पोरानं व्हॉट्सॲपवर फिरत असलेली एमपी थ्री दिली होती. ती काकाजींच्या फोनमध्येही होती: अर्ध्या तासाची एक बाजू, १२८ केबीपीएस, २९ एमबी. २९ चे २ हजार एमबी झाले होते, आणि पैसे बहुतेक त्या फुगवट्याचेच घेतले होते.

हा प्रकार आता आमच्याकडेही सुरू झालाय म्हणून लिहितोय. "एचडी करून देतो", "स्टुडिओ क्वालिटी करून देतो" असं कुणी म्हटलं की माणूस भुलतो. त्यात भावनेचा भाग असतो. गेलेल्या माणसाचा आवाज असतो त्या फितीवर.

मी ती फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि स्पेक्ट्रोग्राम लावला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, आणि जिथं आवाज आहे तिथं रंग. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये त्याच्या निम्म्या, ९६ हजार हर्ट्झपर्यंतची जागा असते. काकाजींच्या भजनात रंग होता तो तळाशी, १६ हजारापर्यंत. तिथं एक सरळ आडवी रेघ आणि वर सगळं काळं. ती रेघ म्हणजे १२८ केबीपीएसच्या एमपी थ्रीची खूण. जागा वाचवायला एमपी थ्री बनवणारं सॉफ्टवेअर वरची पट्टी सहसा तिथंच कापतं. कापलेलं परत येत नाही. वर पाच पट मोकळी जागा करून ठेवली म्हणून तिथं आवाज उगवत नाही. शेत गुंठ्यात मोजा की चौरस फुटात, धुरा (बांध) असतो तिथंच राहतो.

काकाजी पडद्याकडे बघत म्हणाले, "एवढं सगळं रिकामं?"

"रिकामंच काकाजी."

"मंग आयकताना मोठं काऊन वाटते?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. नवी फाइल खरंच भरदार लागत होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. करणाऱ्यानं आवाज साधारण ४ डेसिबलनं चढवला होता. दोन सारखे आवाज लागोपाठ ऐकवले आणि एक थोडासा मोठा असला, तर कान मोठ्यालाच चांगला म्हणतो. त्याला मोठा म्हणून तो ओळखतही नाही, "साफ" म्हणतो, "गोड" म्हणतो. साउंडच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत आहे आणि गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. मी नवी फाइल ४ डेसिबलनं खाली आणली, जुनी एमपी थ्री शेजारी ठेवली आणि पडदा काकाजींकडून वळवून आलटून-पालटून वाजवली. पहिल्या खेपेला त्यांनी जुनीला नवी म्हटलं. दुसऱ्या खेपेपासून "काही फरक नाही बाबू" वर आले.

त्यांचे कान कच्चे समजू नका. हार्मोनियमचा एक सूर उतरलेला असला तर ते मला सांगतात, मशीन नंतर सांगते.

मग मी माझ्या समाधानासाठी वजाबाकी करून पाहिली. एमपी थ्री उघडून तीही १९२ ला नेली, दोन्ही फाइली नमुन्याला नमुना जुळवून ठेवल्या, पातळी सारखी केली, एकीची लहर उलटी केली आणि बेरीज केली. दोन्ही एकच असतील तर हाती शून्य यायला पाहिजे. जवळपास तेच आलं. लांबच्या लांब सपाट रेघ, आणि मधेमधे बारीक काटे. ते काटे ऐकले तर टिक्, टिक्-टिक् असा ठेका. खंजिरीचाच ठेका! आवाज ४ डेसिबलनं चढवताना खंजिरीच्या जोरदार थापांची टोकं कापली गेली होती आणि वजाबाकीत तेवढीच उरली होती. म्हणजे दोन हजार देऊन भजनात भर काही पडली नाही, उलट थोडं गेलंच.

आता बिटचं. लोकांच्या डोक्यात असं असतं की बिट वाढले की आवाज बारीक कातल्यासारखा गुळगुळीत होतो, आणि १६ बिट म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा खडबडीत आवाज. जाहिरातीतली चित्रंही तशीच काढतात. हे चित्रच फसवं आहे. प्रत्येक क्षणी लहरीची उंची मोजून आकड्यात लिहायची, तो आकडा किती लांबीचा ते बिट ठरवतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ उंच्या मिळतात, २४ मध्ये १ कोटी ६७ लाखांच्या वर. खरी उंची दोन आकड्यांच्या मधे पडली तर जवळच्या आकड्यावर ढकलावी लागते. ही जी चूक होते, ती ऐकताना खरखर म्हणून येते. त्यात डिथर नावाचा अगदी हलका, मुद्दाम मिसळलेला गोंगाट टाकला की ती चूक वेडीवाकडी न राहता एकसारखी बारीक 'हिस्स' होते. बस. बिट म्हणजे ती हिस्स किती खाली आहे याचं माप. एका बिटला साधारण ६ डेसिबल. १६ बिटला ९६ च्या आसपास, २४ ला कागदावर १४४. कागदावर अशासाठी म्हणतो की उत्तमातल्या उत्तम कन्व्हर्टरची (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या चिपची) गाडीही १२०-१२५ च्या पुढं फारशी जात नाही. शेवटचे काही बिट त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक खरखरीत बुडालेले असतात.

आणि कॅसेट? साध्या फितीवर, डॉल्बी (इथं म्हणजे डेकमधली खरखर दाबणारी सोय) नसताना, सगळ्यात मोठा आवाज आणि फितीची खरखर यांत ५०-५५ डेसिबलचं अंतर मिळालं तरी खूप. भागाकार करा, ९ बिट. काकाजींचं भजन जन्मतःच ९ बिटचं आहे, तेही फीत चांगली राहिली असेल तर. त्याला १६ बिटच्या डब्यात ठेवलं तरी वर भरपूर जागा उरते.

आमच्या भागात शांतता किती शांत असते हेही एकदा बघण्यासारखं आहे. मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं मौन उभी राहतात. त्या वेळी मी रेकॉर्डर गळ्यात अडकवून गर्दीत होतो, आधी चाललेल्या भजनाला लेव्हल लावलेली तशीच होती. इतकी माणसं आणि एक शब्द नाही. तरी मीटरची काडी उणे ५० च्या खाली उतरायला तयार नव्हती (या मीटरवर शून्य म्हणजे सगळ्यात वरची खूण). वारा, कुणाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी, खोकला, लांब कुठं पाखरू. रात्रीचं भजन रेकॉर्ड करायला गेलं तर रातकिडे, आणि त्यात कृषी फीडरला थ्री फेज लाइन आली की वावरावावरात मोटारी सुरू होतात, व्होल्टेज पडतं, अर्थिंग धड नसलं की केबलमध्ये ५० हर्ट्झचं घुंऽऽ शिरतं. त्या घुंकारापुढं सोळावा बिट काय आणि चोविसावा काय. मी मंडळांना सांगतो, रेकॉर्डिंग करायचं तर मंडपाची लाइन घेऊ नका, मला बॅटरीवर करू द्या.

मग मी स्वतः रेकॉर्डिंग २४ बिटवर का करतो? करतोच, आणि कुणी १६ वर करत असेल तर त्याला २४ वर कर म्हणतो. कारण खंजिरी. बुवा अभंगाची ओळ हळू आवाजात आळवत असतात, डोळे मिटलेले, आणि अचानक खंजिरीवर असा हात पडतो की काडी थेट लाल रंगात. किती जोरात पडणार ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. १६ बिटवर लेव्हल वर ठेवायचा मोह होतो, कारण खाली ठेवली की खरखर जवळ येते. २४ बिटवर मी निवांत १८ डेसिबल जागा वर मोकळी सोडतो. तीन बिट वाया गेले म्हणा, पण मागे इतके पडलेत की कुणाला पत्ता लागत नाही. थाप कापली गेली तर मात्र ती कायमची गेली. हल्ली ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्ड करणारी यंत्रं आली आहेत, त्यांत लेव्हलची चिंता जवळपास संपते. अजून माझ्या खिशाला पेलली नाहीत. मिक्सिंग करतानाही २४ किंवा फ्लोटच बरं, कारण आवाज वर-खाली करताना प्रत्येक टप्प्यावर ती ढकलाढकल होते आणि साठत जाते. पण सगळं झाल्यावर ऐकणाऱ्याच्या हातात द्यायला १६ बिट पुरतात. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये सीडीसाठी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे माप ठरवलं, ते उगाच नव्हतं.

४४.१ चं गणितही त्याच जातीचं. माणसाला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही कोवळ्या वयात. माझं वय पंचेचाळीस, त्यातली पंचवीस वर्षं भोंग्याशेजारी गेली. १३-१४ हजारांच्या पुढं माझ्याकडे अंधार आहे. जेवढी वरची पट्टी पकडायची त्याच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला मोजलं तर लहर पूर्ण हाती येते, हे हॅरी नाइक्विस्टच्या १९२८ च्या कामात आणि क्लॉड शॅननच्या १९४९ च्या लेखात आहे. पूर्ण म्हणजे पूर्ण. दोन मोजण्यांच्या मधलं काही सुटत नाही, कारण त्या मर्यादेतली एकच एक लहर त्या ठिपक्यांतून जाऊ शकते. परत वाजवताना फिल्टर तीच काढतो. पायऱ्या स्पीकरपर्यंत पोचतच नाहीत.

मग अपसॅम्पलिंग (नमुन्यांची संख्या गणितानं वाढवणं) म्हणजे निव्वळ थाप का? तसंही नाही, आणि इथं शहाण्यासुरत्यांचाही गोंधळ होतो. सीडीच्या पहिल्या पिढीतलीच गोष्ट घ्या. १९८२ मध्ये सोनीनं पहिला प्लेअर आणला तो १६ बिट कन्व्हर्टरचा. फिलिप्सकडे त्या वेळी चांगला तयार असलेला कन्व्हर्टर होता १४ बिटचा. त्यांनी काय केलं, आलेल्या ४४.१ च्या नमुन्यांमध्ये गणितानं मधले नमुने काढले, चौपट म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झ केले आणि आकडे कापताना होणारा गोंगाट कानाच्या पट्टीबाहेर ढकलला. १४ बिटच्या कन्व्हर्टरनं १६ चं काम जवळपास काढलं. आणखी एक फायदा असा की २० हजाराच्या वर लगेच कडक फिल्टर लावायची गरज उरली नाही. तो कडक ॲनालॉग फिल्टर बनवायला महाग आणि नीट बसवायला अवघड. वर लांब जागा मिळाल्यावर साधा फिल्टर पुरला. भजन तेच राहिलं, ते बाहेर काढायचं यंत्र स्वस्तात चांगलं झालं. आज तुमच्या फोनमध्ये, टीव्हीत, त्या दोनशे रुपयांच्या यूएसबी साउंड कार्डात जो कन्व्हर्टर बसलाय तो हेच काम आतल्या आत करतो, कित्येक पट जास्त वेगानं. म्हणजे २ जीबीची फाइल करून शहरातल्या त्या माणसानं जे काम केलं ते चिपमध्ये फुकट होतंच होतं.

काही ठिकाणी याचा खराखुरा उपयोगही होतो. आवाज मुद्दाम फाडणारा किंवा जोरात दाबणारा इफेक्ट लावायचा असेल तर आधी वर नेऊन काम करावं, मग खाली आणावं. नाहीतर पट्टीबाहेरचे सूर उलटे फिरून आत घुसतात. लेव्हल अगदी टोकाला नेलेली असेल तर नमुन्यांच्या मधे लहर शून्याच्या, म्हणजे मीटरच्या सगळ्यात वरच्या खुणेच्या, वर जाते, ती पकडायलाही वर नेऊन मोजतात. वापरा आणि परत खाली या.

कुणी म्हणेल, खऱ्या हाय-रेझ रेकॉर्डिंगचं काय, जे मुळातच ९६ किंवा १९२ ला केलंय? त्यावर लोकांनी चाचण्या घेतल्यात. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये छापलेल्या चाचणीत एसएसीडीचा (सीडीहून वरच्या दर्जाच्या डिस्कचा) आवाज एकदा तसाच आणि एकदा मधे १६ बिट ४४.१ च्या फाटकातून नेऊन ऐकवला. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. त्यातल्या काही डिस्कांचं मूळ रेकॉर्डिंगच तेवढ्या वरच्या दर्जाचं नव्हतं अशी टीका नंतर झाली, आणि ती रास्त आहे. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला, तर ५२.३ टक्के. ऐकण्याचं शिक्षण घेतलेल्यांचा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फरक असेलही, अगदी बारीक, आणि तोही मुळातच तसं रेकॉर्ड केलं असेल तर. तिवश्याच्या बाजारातून घेतलेल्या कोऱ्या कॅसेटवर मंडपात उतरवलेल्या भजनाला त्यातलं काही लागू होत नाही.

काकाजींना म्हटलं, कॅसेट आहे का घरी? होती. दुसऱ्या दिवशी नातवाच्या गाडीवर बसून घेऊन आले, रुमालात गुंडाळून. निळ्या शाईतलं "भजन, बाजू अ" पुसट झालेलं.

आता जे काम केलं ते तब्येतीनं सांगतो, कारण खरा फरक इथं पडतो. आधी कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण पळवून घेतली, वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलेली फीत चिकटते. हेड (फीत वाचणारा भाग) आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) स्पिरिटनं पुसले. कापसाच्या बोळ्यावर तांबूस काळपट रंग आला. मग हेडचा स्क्रू. डेकच्या झाकणातून हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू दिसतो, त्यानं हेडचा कोन बदलतो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं जाते. या वेगात १० हजार हर्ट्झच्या सुराची एक अख्खी लहर फितीवर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागात मावते. मूळ टेपरेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं त्यापेक्षा माझं हेड किंचितही तिरपं असलं की हे बारीक सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि भजन गोधडीखालून आल्यासारखं लागतं. दुनियेतला कुठलाही सॅम्पल रेट ते परत आणत नाही.

दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकायचं आणि छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं केसभर केसभर फिरवायचं. सुरांकडे लक्ष द्यायचं नाही, फितीच्या खरखरीकडे द्यायचं. ती जिथं सगळ्यात चरचरीत, उजळ लागेल तिथं थांबायचं. काकाजी बाजूला स्टुलावर बसले होते. मी पाव फेरा फिरवला, काही नाही. उलटा फिरवला आणि टाळांवरचा पडदा सरकला. खंजिरीच्या चकत्या वेगळ्या ऐकू यायला लागल्या. आधीच्या फाइलमध्ये त्या होत्याच कुठं?

"थांब थांब थांब," काकाजी म्हणाले. "हे तं शामरावची खंजिरी हाय नं बे! त्याच्या खंजिरीले एक चकती ढिली होती."

उतरवलं २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला. खरखर पूर्ण पुसायच्या भानगडीत मी पडत नाही. फार पुसलं की टाळ पाण्याखाली गेल्यासारखे वाजतात. फक्त घुंकार आणि दोन-चार टकटक काढल्या. जपून ठेवायला १६ बिटची वेव्ह फाइल आणि मंदिरातल्या मशीनसाठी ३२० केबीपीएसची एमपी थ्री, दोन्ही त्याच पेन ड्राइव्हवर. २ जीबीवाली पुसायला काकाजींनी नकार दिला. दोन हजार दिलेत म्हणे, राहू दे.

कुणाच्या घरी अशा कॅसेटी असतील तर व्हॉट्सॲपवरची फाइल पाठवू नका, कॅसेटच आणा. टिनाच्या छपराखाली माळ्यावर ठेवली असेल तर उन्हाळ्याआधी खाली घ्या, आमच्याकडच्या मे महिन्यात कवच वाकतं. आतलं स्पंजचं पॅड गळून पडलं किंवा फीत तुटली असली तरी फेकू नका. दुसऱ्या चांगल्या कवचात फीत बसवता येते, मात्र त्यासाठी कवच स्क्रूवालं लागतं. चिकटवलेलं निघालं तर मोडूनच उघडावं लागतं, म्हणून घरी प्रयत्न करू नका.